सोडण्याचा क्रम

ताई : म्हणजे त्या माणसाच्या पत्राला तू उत्तरच दिलं नाहीस?

भाऊ : नाही.

ताई : त्याने विचारलं तरी काय होतं असं?

भाऊ : एवढंच, की तो म्हणतो ते बरोबर आहे का. हो किंवा नाही.

ताई : आणि तुला तेवढंही लिहायला जमलं नाही. एक शब्द!

भाऊ : एका शब्दाचंच अवघड असतं ताई. चार पानं लिहायची असती, तर त्यात कुठेतरी लपता आलं असतं.

ताई : तोंड इकडे कर. ड्रॉप्स राहिलेत. वर बघ. वर म्हणजे छताकडे, माझ्याकडे नाही.

भाऊ : छत कुठे आहे ते कळतं मला अजून.

ताई : कळतं, दिसत नाही. पापणी मिटू नकोस. हं, झालं. आता सांग, हा तुझा कॉम्प्युटरचा डबा गुंडाळू का? गाडीवाला कुठल्याही क्षणी येईल. पलंग, कपाट आणि पुस्तकांची खोकी माझ्या घरी, आणि कॉम्प्युटर भंगारात. असं ठरलंय आपलं.

भाऊ : ठरलंय. पण त्याच्याआधी मला त्या पत्रवाल्याला, त्या वाचनालयातल्या माणसाला, उत्तर द्यायचंय.

ताई : दे की. तू सांग, मी टाइप करते. ‘हो’ लिहू की ‘नाही’?

भाऊ : तेच तर मला नक्की माहीत नाही. करून बघावं लागेल. आणि करून बघायला हेच मशीन लागेल. त्याने विचारलंय तो माझा प्रोग्राम आता दुसऱ्या कशावर चालायचा नाही.

ताई : अरे किड्या, मग डोळे धड होते तेव्हा काय करत होतास?

भाऊ : वाचत होतो.

ताई : काय?

भाऊ : ह्यावरचीच पुस्तकं. एक वाचलं की वाटायचं, त्याचंच बरोबर आहे. मग दुसऱ्यात एखादी तळटीप निघायची. तळटिपेच्या मागे गेलो की तिसरं पुस्तक. म्हटलं, पूर्ण खात्री झाली की लिहू.

ताई : आणि डोळे गेले.

भाऊ : आणि डोळे गेले.

ताई : वॉर्डात तुझ्यासारखा एक डॉक्टर होता. निदान पक्कं होईपर्यंत औषध लिहायचा नाही. फार विद्वान. त्याच्या वाट्याचे पेशंट आम्ही नर्सच सांभाळायचो. बरं, बसते मी. काय लिहिलं होतं त्याने? उघडून वाचू?

भाऊ : नको, पाठ आहे. ‘मी एका वाचनालयातली मशीन सांभाळतो. खिडकीशी वाचकांसाठी खुर्च्या आहेत, प्रत्येक खुर्चीपुढे एक स्क्रीन. सगळे स्क्रीन तुमच्या प्रोग्रामने सुरू होतात. माझ्या समजुतीप्रमाणे त्यातल्या दोन ओळींचा क्रम उलटा आहे, त्यामुळे खुर्चीत बसलेला माणूस दुसऱ्या वाचकांचे कागद उघडू शकतो. माझी खात्री नाही. तुम्ही सांगेपर्यंत खुर्च्या बंद ठेवतो.’

ताई : बंद ठेवतो?

भाऊ : हो.

ताई : वाचकांना बसू देत नाही?

भाऊ : हो.

ताई : तुझ्या एका शब्दासाठी? आणि तू इकडे तळटिपा वाचत बसलास. अरे, इतकी वर्षं कोण खुर्च्या बंद ठेवतं? त्याने कधीच दुसरं काहीतरी बसवलं असेल.

भाऊ : असेल.

ताई : असेलच.

भाऊ : मी ठेवल्या असत्या बंद.

ताई : तू ठेवल्या असत्यास, ह्यात शंकाच नाही. चल, काय करायचं ते सांग. समोर नुसता काळा स्क्रीन आहे. त्यावर पांढरी अक्षरं, ही एवढाली.

भाऊ : ती मीच मोठी केलीत. पत्र आल्यापासून मी चित्रांचा स्क्रीन उघडलेलाच नाही. प्रोग्रामची परवानगी काढून घेतली आणि काळ्यावरच राहिलो.

ताई : परवानगी कसली? नीट सांग. मला अडाणी समजून सांग, पण लहान मूल समजून नको.

भाऊ : चित्रं, खिडक्या, माउस, हे सगळं दाखवणारा स्क्रीन असतो ना, तो ह्या जुन्या मशीनवर कुणाही सोम्यागोम्याला सुरू करता येत नाही. त्यासाठी रूट लागतो. रूट म्हणजे ह्या मशीनचा सर्वेसर्वा. तो काहीही उघडू शकतो, काहीही पुसू शकतो. माझा प्रोग्राम काय करायचा, की क्षणभर रूटचे अधिकार घ्यायचा, स्क्रीन सुरू करायचा, आणि लगेच अधिकार सोडून साधा माणूस व्हायचा. मग पुढचं सगळं काम साध्या माणसाच्या नावावर.

ताई : एवढंच करायचा?

भाऊ : एवढंच. आयुष्यभर एवढंच केलं मी. घेतलेलं परत करायचं.

ताई : आणि तेच चुकलं.

भाऊ : तेच चुकलं असं तो म्हणतो. हे बघ, तुमच्या वॉर्डात ड्यूटी संपली की औषधांच्या कपाटाची किल्ली द्यायची असायची ना?

ताई : पुढच्या सिस्टरच्या हातात. औषधं मोजून. तिने ‘मिळाली’ म्हटल्याशिवाय जागचं हलायचं नाही.

भाऊ : समज, तू आधी गेटबाहेर पडलीस. आता तू सिस्टर नाहीस, रस्त्यावरची एक बाई आहेस. आणि मग आठवलं, किल्ली पर्समध्येच आहे.

ताई : मग आत कोण सोडणार? वॉचमन विचारणार, बाई तुम्ही कोण.

भाऊ : हेच. रूटकडे दोन गोष्टी असतात. एक त्याचं नाव, आणि दुसरे त्याचे ग्रुप. ग्रुप म्हणजे कुणाकुणाच्या खोलीत शिरायची मुभा आहे ते. आधी ग्रुप सोडायचे आणि मग नाव. मी आधी नाव सोडलं. नाव सोडल्यावर ग्रुप सोडण्याचीसुद्धा ताकद राहत नाही.

ताई : मग किल्ली पर्समध्येच.

भाऊ : आणि त्याहून वाईट म्हणजे, सुटले का, हे मी विचारलंच नाही. प्रोग्राम सांगतो ‘सोड’, आणि पुढे चालायला लागतो. मागे वळून बघत नाही.

ताई : आता हे जर तुला इतकं नीट कळतंय, तर अडलंय कुठे?

भाऊ : कळणं आणि खात्री असणं ह्यात माझी गाडी नेहमीच अडते. ती फाइल उघड. मी नाव सांगतो. त्याच्या पुढे रूटचा शब्द लाव आणि पासवर्ड दे, नाहीतर बदलू देणार नाही.

ताई : एका बोटाने टाइप करते मी. घाई करू नकोस.

भाऊ : घाई माझ्या स्वभावात असती तर आज आपण इथे बसलो असतो का?

ताई : हं, उघडली. बापरे, हे सगळं तू लिहिलंस?

भाऊ : खाली जा. जिथे ‘आता साधा माणूस’ अशी टीप आहे, तिथे थांब.

ताई : आली. खाली दोन ओळी आहेत. पहिलीत नाव, दुसरीत ग्रुप.

भाऊ : खालची उचलून वर घे.

ताई : घेतली. झालं? हे एवढंच? ह्यासाठी वाचनालय बंद?

भाऊ : थांब. दोन्हींच्या खाली आता एकेक ओळ घालू. सुटलं नसेल तर प्रोग्रामने तिथेच मरायचं.

ताई : मरायचं? एकदम?

भाऊ : एकदम. सोडल्याचं नुसतं नाटक करत जगण्यापेक्षा ते बरं.

ताई : सांग. कंस कुठला? हा का? आणि हा टिंब-स्वल्पविराम शेवटी?

भाऊ : शेवटी. तो राहिला तर अख्खं बिनसतं.

ताई : तुझ्यासारखंच नाजूक आहे सगळं. झालं. पुढे?

भाऊ : आता त्याचा पुन्हा प्रोग्राम बनवायचा. मी म्हणतो तो शब्द टाइप कर… आता एंटर. काय आलं?

ताई : काही नाही आलं. खाली कर्सर लुकलुकतोय.

भाऊ : काही न येणं म्हणजे चांगलं.

गाडीवाला : ओ काका! मावशी! दार उघडा. जिना काय आहे तुमचा, डोंगर आहे नुसता. लिफ्ट नाही हे फोनवर सांगायचं ना.

ताई : सांगितलं होतं.

गाडीवाला : ‘थोड्या पायऱ्या आहेत’ असं सांगितलंत. ह्या थोड्या?

भाऊ : मी बघतो त्याच्याकडे. ताई, तू कशाला हात लावू नकोस. नवा प्रोग्राम आहे, त्याला अजून रूटची परवानगी द्यायचीय. येतोच. भिंत धरून जातो.

गाडीवाला : हळू काका, खोकं आहे मध्ये. हं, ह्या बाजूने. कपाट आधी काढू का पलंग?

भाऊ : तुम्हाला सोयीचं पडेल ते. पुस्तकांची खोकी मात्र आडवी ठेवू नका.

गाडीवाला : पुस्तकांना काय होतंय? अंडी आहेत का?

ताई : अरे, उघडला! भाऊ, उघडला स्क्रीन!

भाऊ : उघडला? कसा उघडला?

ताई : प्रोग्रामचं नाव टाइप करून बघितलं, तर आधी ‘परवानगी नाही’ म्हणाला. मग मघाशी फाइल उघडताना तू तो शब्द पुढे लावून पासवर्ड द्यायला सांगितला होतास ना, मी तसंच केलं. लगेच उघडला. राखाडी आहे, बारीक जाळीसारखा. मधोमध काळी फुली. तुझं बाकी काहीच दिसत नाही पण.

भाऊ : ताई, तू तो रूट म्हणून उघडलास.

ताई : उघडला ना पण?

भाऊ : बंद कर. तीन बटणं एकदम दाब, मी सांगतो ती. आता माझ्या साध्या नावाने उघडून बघ. थांब, आधी परवानगीची ओळ टाइप कर… हं. आता चालव.

ताई : चमकला. गेला. परत काळा आला.

भाऊ : पुन्हा.

ताई : चमकला आणि गेला. भाऊ, मी काय मोडलं रे?

भाऊ : काही मोडलं नाहीस.

ताई : खोटं बोलू नकोस. ताट पडल्यावर आईचा आवाज व्हायचा तसा तुझा झालाय.

भाऊ : अगं, ही चूक प्रत्येक जण एकदा करतो. ह्याच चुकीपासून वाचवायला तर मी तो प्रोग्राम लिहिला. स्क्रीन सुरू होताना माझ्या फोल्डरमध्ये एक पास ठेवतो. आत यायला लागतो तो पास. तू रूट म्हणून उघडलास, तेव्हा तो पास रूटच्या नावावर झाला. आता मी येतो, पास शोधतो. पास समोर आहे, पण माझ्या नावावर नाही. मला तो वापरता येत नाही, बदलता येत नाही. म्हणून बाहेर.

ताई : तुझ्याच फोल्डरमध्ये?

भाऊ : माझ्याच घरात. माझ्याच टेबलावर. कुणी वाईट हेतूने केलेलं नसतं. स्क्रीन उघडत नव्हता, म्हणून मदत केलेली असते.

ताई : हं.

भाऊ : तुला नाही म्हणत मी.

ताई : मलाच म्हणतोयस. म्हण. तुझ्या गोळ्या माझ्या पर्समध्ये, बँकेचं कार्ड माझ्याकडे, बँकेत सही माझी. आठ दिवसांसाठी म्हणून आले होते.

भाऊ : तू आली नसतीस तर मी पायऱ्यांवरून कधीच खाली गेलो असतो, आणि तेही चालत नव्हे, गडगडत.

गाडीवाला : काका, पलंग निघाला. खाली ठेवून येतो. मावशी, घराची किल्ली कुलपाला लावून ठेवा, शेवटी धावपळ नको.

भाऊ : हो, किल्लीचं बरं आठवलं. ताई, ती माझ्याकडे दे. घरमालकाला मी स्वतः देणार आहे. इतकी वर्षं राहिलो, दोन शब्द बोलून द्यावी असं मनात आहे.

ताई : सकाळी दूध आणायला गेले ना, तेव्हा भेटले ते जिन्यात. त्यांना देऊन टाकली. म्हटलं तुला खाली-वर नको. कागदावर सहीसुद्धा मीच केली, तुझ्या वतीने.

भाऊ : बरं.

ताई : मला सोयीचं वाटलं रे.

भाऊ : बरं केलंस.

ताई : बोलावू का त्यांना वर?

भाऊ : नको. आता मी कोण म्हणून बोलणार? आधी नाव गेलं. जाऊ दे. तो पास परत माझ्या नावावर करू, तेवढं तरी होईल. तोच शब्द पुढे लावून, म्हणजे रूटकडूनच. त्याने घेतलंय, त्यालाच देता येतं.

ताई : सांग.

भाऊ : फाइलचं नाव टिंबाने सुरू होतं, म्हणून ती एरवी दिसत नाही. तिच्याआधी माझं नाव. ह्या मशीनवरचं.

ताई : तुझं नाव काय आहे इथे?

भाऊ : किडा.

ताई : अरे देवा. ते तू लावून घेतलंस?

भाऊ : तूच ठेवलेलं. मला दुसरं सुचलं नाही. एंटर. आता साध्या नावाने चालव. कुठलाही शब्द पुढे न लावता.

ताई : चमकला.

भाऊ : गेला?

ताई : थांब. नाही. आहे. गडद निळा आहे, कोपऱ्यात घड्याळ आहे. एक मोठी खिडकी उघडली आपोआप, मोठ्या अक्षरांची.

भाऊ : घड्याळ चालतंय?

ताई : चालतंय. तुला काहीच दिसत नाही का?

भाऊ : एका बाजूला थोडा उजेड वाढल्यासारखा वाटतो. बहुतेक वाटतंच नुसतं. आता शेवटचं. त्या खिडकीत विचार, की हा माणूस कुठल्या कुठल्या ग्रुपमध्ये आहे. एकच शब्द आहे त्याला… हं, तोच. जे येईल ते सावकाश वाच. सगळं वाच.

ताई : किडा.

भाऊ : पुढे?

ताई : पुढे काही नाही.

भाऊ : नीट बघ. त्याच ओळीत, लांब उजवीकडे?

ताई : नाही रे. एकच शब्द आलाय. किडा.

भाऊ : म्हणजे सुटले.

ताई : सुटले?

भाऊ : सगळे सुटले. त्याचं बरोबर होतं.

ताई : मग चेहरा असा काय? झालं ना काम! माझ्या एका बोटाने झालं!

भाऊ : झालं. दुपारभराचं काम होतं.

ताई : …पुन्हा करून बघायचंय?

भाऊ : मनातून म्हणशील तर हो. पण नको.

ताई : मग हा नीट केलेला प्रोग्राम जगाला द्यायचा का? कुठेतरी ठेवायचास ना तू, लोक घ्यायचे.

भाऊ : ती जागा बंद झाली. आणि आताच्या मशीनवर स्क्रीन सुरू करायला रूट लागतच नाही. कुणी काही घ्यायचं नाही आणि कुणी काही परत करायचं नाही. माझी गरज अशी कुठे राहिलेली नाही.

ताई : असं बोलू नये.

भाऊ : तक्रार नाही करत. चांगलंच झालंय ते. त्या लोकांच्या जागी मी असतो तरी असंच केलं असतं, सुचलं असतं तर.

गाडीवाला : चला मावशी, हे टेबल रिकामं करा. हा डबा भंगारात ना? वायर ओढू?

ताई : वायरीला हात लावायचा नाही!

गाडीवाला : अहो, ओरडता काय, तुम्हीच म्हणालात भंगारात.

ताई : म्हणाले. पण ड्यूटी संपलेली नाही अजून. पुस्तकांची खोकी न्या तोवर. आडवी ठेवू नका.

गाडीवाला : अंडीच आहेत म्हणा की.

ताई : सांग रे. काय लिहू?

भाऊ : त्याचं पत्र उघड, आणि उत्तर दे असं असेल तिथे दाब.

ताई : दाबलं. सांग.

भाऊ : लिही. आदरणीय महोदय, आपले पत्र मिळाले, अनेक कारणांमुळे, विशेषतः सदर विषयावरील निरनिराळ्या ग्रंथांतील मतभिन्नतेमुळे…

ताई : भाऊ.

भाऊ : काय?

ताई : तो खुर्च्या बंद करून बसलाय.

भाऊ : हो. खरंय. पुस सगळं. लिही. ‘होय.’

ताई : होय. पुढे?

भाऊ : ‘क्रम उलटा होता. तुमचं बरोबर आहे. आधी ग्रुप, मग नाव. सुटले का ते विचारणारी ओळही घाला, ती सोबत जोडली आहे. मी करून पाहिलं.’

ताई : ‘आम्ही’ लिहू? माझं बोट दुखतंय.

भाऊ : ‘आम्ही करून पाहिलं.’ आणि उत्तराला उशीर झाला असं लिही. कारण नको.

ताई : संपलं?

भाऊ : ‘खुर्च्या उघडा.’

ताई : …तुला वाटतं, तिथे खुर्च्या असतील अजून?

भाऊ : नाही.

ताई : तो माणूस तरी?

भाऊ : मला वाटत नाही.

ताई : मग कशाला लिहायचं?

भाऊ : त्याने विचारलं होतं.

(जिन्यात खोकं आपटल्याचा आवाज.)

गाडीवाला : काही नाही, काही नाही! फुटलं नाही! मावशी, आवरा आता, खाली माझ्या गाडीमागे अडकलेले हॉर्न मारतायत.

ताई : खाली नाव काय घालू? तुझं खरं घालू की मशीनवरचं?

भाऊ : मशीनवरचं. तो त्याच नावाने ओळखतो.

ताई : घातलं. पाठवू?

भाऊ : एकदा वाचून… नको. पाठव.

ताई : पाठवते. हं. गेलं.

भाऊ : पोचलं?

ताई : ‘पाठवलं’, एवढंच आलंय.